तुमच्या नावावर मागितलेली तारीख

शैलाताई, तुमच्या शोकसभेत मी भांडले. आधी हेच सांगते. नाहीतर एरवीसारखं तुम्हाला दुसऱ्याच कोणाकडून कळायचं, आणि मग तुम्ही मला बोलावून विचारायच्या, "काय वं, ऐकून राहिली ते खरं आहे का?"

खरं आहे. बार रूममध्ये खुर्च्या कमी पडल्या होत्या. एक ज्येष्ठ वकील बोलायला उठले. म्हणाले, "बाईंना दिल्लीत मोठं भविष्य होतं, पण आपल्या नागपूरसाठी त्यांनी त्याचा त्याग केला." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून कोणी तरी शेजाऱ्याला हळूच म्हणालं, "त्याग कसला? टिकल्या नाहीत तिथं." पुढच्या रांगेला तुमचा त्याग दिसत होता, मागच्या रांगेला तुमची हार. तुम्ही कोणालाच दिसत नव्हत्या. मी उभी राहिले. म्हटलं, "शैलाताईंना दिल्लीत दुसऱ्या वकिलांचे युक्तिवाद लिहून द्यावे लागत होते. त्यांना स्वतः कोर्टात बोलायचं होतं, म्हणून त्या परत आल्या. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय. मेहेरबानी करून त्यांच्या माघारी त्यांना देवी करू नका आणि बिचारीही करू नका."

शोकसभेत असं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. अध्यक्षांनी घाईघाईनं मौन जाहीर केलं. त्या दोन मिनिटांतलं थोडं मौन माझ्यासाठीही होतं बहुतेक.

तुमच्या धंतोलीच्या ऑफिसात मी ज्युनियर व्हायला पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या अंगावर नवा कोट होता, आणि तो मला खांद्यात ढगळ होत होता. आमचं घर उमरेडचं, विणकरांचं. आजोबांपर्यंत हातमाग चालला, वडील शाळेत लिपिक झाले, आणि वकील झालेली मी घरातली पहिलीच. डॉक्टरांच्या पाट्यांच्या गर्दीत तुमची पाटी शोधायला मला वेळ लागला. तुमचं घराणं नागपूरच्या महाल भागातलं, भोसल्यांच्या वेळेपासून दफ्तरात लेखणी चालवणाऱ्यांचं. मला वाटलं होतं, आता जपून, शुद्ध बोलावं लागणार. तुम्ही कूलरचा आवाज कमी केला आणि म्हणालात, "बस. पोहे खाल्ले का घरून?" मी चकित झालेली पाहून तुम्हीच पुढे म्हणालात, "हिंगण्याच्या कारखान्यातली बाई माझ्यासमोर बसते, तिच्याशी मी पुस्तकातलं बोलू का? ती अर्धी गोष्ट गिळून टाकते मंग."

कामगारांच्या वतीनं लढणाऱ्या वकील म्हणून तुमचं नाव होतं, पण तुमच्या दाराशी निम्मे लोक वेगळ्याच कामासाठी यायचे. ते वकीलच असायचे. कोणाला मुंबईच्या फर्ममधून बोलावणं आलेलं, कोणाला कंपनीत लॉ ऑफिसर व्हायचं, कोणी सिनियरशी भांडून कोट खुंटीला टांगायच्या बेतात. जावं का, सोडावं का, कुठं जावं? तुम्ही सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि बहुतेकांना सांगायच्या, जाय. त्यामुळे तुमच्या हाताखाली तयार झालेली माणसं हैदराबादपासून दिल्लीपर्यंत पसरली आणि तुमच्या ऑफिसात कायम एक टेबल रिकामं असायचं. एकदा मी चिडून म्हटलं होतं, "ताई, हे ऑफिस आहे का बसस्टँड?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बसस्टँडवर कोणी अडकून पडलं तं ते वाईट. बस सुटली तं चांगलंच आहे ना वं."

मग माझी बस आली. मिलिंदची, माझ्या नवऱ्याची, बँकेनं पुण्याला बदली केली. घरी सगळं ठरूनच गेलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझं काय, वकिली कुठंही होते." त्या मनानं वाईट नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं. माझी पाचसहा वर्षांची मेहनत, ओळखीचे पक्षकार, मी पहाटे उठून तयार केलेल्या उलटतपासण्या, हे सगळं कुठंही होण्यासारखं आहे, हे ऐकून मला रडू आलं आणि मी तशीच तुमच्याकडे आले.

"बदलीचा ऑर्डर कोणाच्या नावाचा आहे?" तुम्ही विचारलं.

"मिलिंदच्या."

"मंग तू काहून रडून राहिली? तुले तं कोणी धाडलंच नाही."

"म्हणजे नको जाऊ?"

"तसं कुठं म्हटलं मी? जाणं वेगळं अन् धाडलं जाणं वेगळं. जायचं तं वकील म्हणून जाय. नवऱ्याच्या सामानात आपली सनद बांधून नेऊ नको."

त्या दुपारी तुम्ही मला जे सांगितलं ते मी आता इतरांना सांगते, तुमचं नाव घेऊन आणि कधी कधी न घेताही. म्हणालात, आधी कोणाच्या ऑफिसात बसणार ते पाह्यजो, मंग फ्लॅटमध्ये खोल्या किती ते पाह्यजो. ज्यांचं वकीलपत्र घेतलंय त्या प्रत्येकाला स्वतः भेटून सांग, फोनवर नाही. फाइल कोणाकडे सोपवतेस ते त्यांच्यासमोर सोपव. ज्या सिनियरला सोडून चालली त्याच्याबद्दल नव्या गावात वाईट बोलू नको ("म्हणजे माझ्याबद्दल," तुम्ही चष्म्यावरून पाहत म्हणालात). तिथं गेल्यावर आधी मागच्या बाकावर बसून ऐक, न्यायाधीश कशाला चिडतात ते पाहा. आणि एक शेवटचं, "आमच्या नागपूरले असं, आमच्या नागपूरले तसं, हे दिवसातून एकदाच म्हणजो. लोक कंटाळतात."

सासूबाईंना मी सांगितलं की मीपण जातेय, पण पुण्यात आधी माझं ऑफिस ठरेल, नंतर घर. त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद मात्र खूश झाला. बदलीबद्दल त्यालाही कोणी विचारलेलं नव्हतं.

पुण्यात पहिल्या दिवशी कोर्टात मी म्हणून गेले, "साक्षीदार खोटं बोलून राहिला आहे." समोरचे वकील हसले, त्यांचे ज्युनियर हसले. मी संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलं, "साक्षीदार खरंच खोटं बोलून राहिला होता का?" मी म्हटलं, हो. "मंग हसू दे ना त्यायले." पुढच्या तारखेला त्या साक्षीदाराचं खोटं मी उघडं पाडलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

मी तिथं टिकले, ताई. हा शब्द मुद्दाम वापरते. कामं मिळाली, नाव झालं, एका कंपनीनं त्यांच्या विधी विभागात मोठ्या जागेवर घेतलं. काचेची केबिन, थंडगार एसी, घरी न्यायला-आणायला गाडी. तुम्हाला एवढा आनंद झाला की तुम्ही ऑफिसात पेढे वाटले म्हणे. मीही ते काम मन लावून केलं. कंपनी कागद कसा तयार करते, कुठला शब्द का घालते आणि कुठला का टाळते, हे मी तिथं आतून शिकले. फक्त एक होतं. मी उभी राहत नव्हते. बाहेरच्या वकिलांना टिपणं लिहून द्यायची आणि कोर्टात मागे बसून ते काय विसरतात हे पाहत राहायचं. एकदा आमचे वकील बोलत असताना मी नकळत बाकावरून अर्धी उठले. शेजारच्यांनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं. त्या दिवशी ठरलं, नोकरी सोडून, जिथं मी उभं राहायला शिकले त्या नागपूरला परत जायचं.

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "तू जा. माझी बदली मिळाली की मी येईन, तोवर शनिवार-रविवार येत-जात राहू. पण मी तुला धाडत नाहीये हं, लिहून देऊ का?" तुमचं ते वाक्य आमच्या घरात तोवर म्हणीसारखं झालं होतं.

आणि तुम्ही! मी बॅग हॉटेलात टाकून थेट धंतोलीला आले. भर उन्हाळा होता, तुमचा कूलर गरगरत होता. वाटलं होतं, म्हणाल, बस. तुम्ही उभ्याउभ्याच विचारलं, "परत काहून आली वं?"

मी कारण सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं नाही. "लोक काय म्हणतील माहीत आहे तुले? टिकली नाही म्हणतील."

"तुम्हालाही म्हणाले ना? मग तुम्ही का आलात दिल्लीहून?"

"मी आली तेव्हा मले अडवणारं कोणी नव्हतं. तुले मी आहे."

"तुम्ही आलात ते बरोबर, मी आले ते चूक? हा कुठला कायदा?"

"माझ्या ऑफिसातला. अन् या ऑफिसात तुले जागा नाही."

रिकामं टेबल समोर दिसत होतं, ताई. मी त्याच्याकडे पाहिलं, तुम्हीही पाहिलं. मी निघाले.

कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली मी टेबल लावलं. नागपूरचा एप्रिल महिना, वर टीन, अंगावर काळा कोट. तुम्ही रोज त्याच वाटेनं जायच्या. मान वळवायच्या नाहीत, पण चाल हळू व्हायची. मीही नमस्कार करायची नाही, फक्त उभी राहायची. सगळा बार आमची ती कवायत पाहत होता.

पावसाळा संपता संपता माझ्या टेबलासमोर हिंगण्याच्या काही बाया येऊन उभ्या राहिल्या. खाण्याच्या वस्तूंच्या एका कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. सुनंदा नावाची एक उंच बाई त्यांच्यात पुढे होती. रात्रपाळी सुटल्यावर कंपनीची बस घरापर्यंत सोडत नाही, ती सोडावी, एवढंच त्यांनी मागितलं होतं. मागणी लेखी दिली, युनियन केली, आणि पुढच्याच महिन्यात त्या सगळ्यांच्या हातात बदलीचे हुकूम पडले. कुठं, तर उत्तरेतल्या पहाडी राज्यातल्या दुसऱ्या प्लांटला. हजर व्हा, नाहीतर पगार बंद.

"तुम्हाला माझ्याकडे कोणी पाठवलं?" मी विचारलं.

सुनंदा म्हणाली, "धंतोलीच्या मॅडमनं. म्हणल्या, माझी तब्येत साथ नाही देऊन राहिली, मी मागं राहतो. तुमी त्या टिनाखालच्या पोट्टीकडे जा. ते कोणाले भीत नाही, मलेही भीत नाही."

तुमच्या तब्येतीचं मला असं कळलं. मी त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आले. तुम्ही वाळल्या होत्या. माझी माफी तुम्ही मागितली नाही, मीही मागितली नाही. तुम्ही रिकाम्या टेबलावरची धूळ स्वतःच्या पदरानं पुसली आणि म्हणालात, "बदलीच्या हुकुमातली तिसरी ओळ वाच." मी ती ओळ आधीच वाचली होती. 'प्रशासकीय गरज' असं लिहिलं होतं, पण गरज काय ते कुठंच नव्हतं. मी हे बोलून दाखवल्यावर तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तुमचा हं मला कळायचा.

वकीलपत्रावर आपल्या दोघींच्या सह्या झाल्या. इंडस्ट्रियल कोर्टात केस उभी राहिली. तुमच्या औषधांच्या वेळा सांभाळत आपण बायांचे जबाब तयार केले. सुनंदा पायरीवर बसून भाकरी खायची आणि मधूनच म्हणायची, "मॅडम, तुमी भांडाले लागल्या का आमाले बरं वाटते." कारण आपण अजून भांडतच होतो. मला मुंबईच्या एका फर्मकडून विचारणा आली होती, ती मी तुमच्यापासून लपवली, पण तुम्हाला कळलीच. तुम्हाला सगळं कळायचं.

दवाखान्यात तुम्ही त्याच विषयावर आलात. आवाज खोल गेला होता, हट्ट मात्र होता तसाच. "या बायायचा निकाल लागला का मुंबईले जाय."

"नाही जाणार."

"माझ्यासाठी थांबून राहिली असशील तं मी तुले माफ नाही करणार."

"तुमच्यासाठी नाही थांबून राहिली."

"मंग कोणासाठी?"

मी तोंड उघडलं आणि नर्स आत आली. तुम्हाला तपासणीला नेलं. नंतर तुम्ही झोपलात, आणि पुढचे दोन दिवस बोलण्यासारख्या राहिल्याच नाहीत.

केसची तारीख तुमच्या दहाव्याच्या आतच पडली. त्या दिवशी कंपनीच्या व्यवस्थापकाची उलटतपासणी होती. कंपनीचे वकील उठले, चेहरा अगदी गंभीर. म्हणाले, "सर, या प्रकरणातल्या ज्येष्ठ वकील शैलाताई नुकत्याच दिवंगत झाल्या. त्यांच्याविषयी आदर म्हणून आज कामकाज तहकूब करावं. पुढची लांबची तारीख द्यावी."

न्यायाधीशांनी मान हलवलीच होती. मागच्या बाकावर बाया बसल्या होत्या, महिनोन्‌महिने पगाराविना. तुमच्या नावावर तारीख मागत होते, ताई. ज्या बाईनं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काळा चष्मा लावून युक्तिवाद केला, तिच्या नावावर. मी उभी राहिले.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

कुजबुज झाली. कंपनीच्या वकिलांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी सुतकात हळदीकुंकू करतेय. मी म्हटलं, "सर, शैलाताईंचा आदर करायचा तर साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलवा. त्यांनी आयुष्यभर तारखांविरुद्ध भांडण केलं. त्यांच्या मरणाचा उपयोग तारखेसाठी होऊ देणार नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमची तयारी आहे?"

"आहे."

मी आपल्या प्रश्नांचे कागद काढले. ते टेबलावर ठेवले. व्यवस्थापक आले. भला माणूस दिसत होता, इस्त्रीचा शर्ट, थोडा घामेजलेला.

"ज्या प्लांटला या बायांची बदली केली, तिथं पॅकिंग विभाग आहे?"

"प्रस्तावित आहे."

"आज आहे का?"

"आज नाही."

"मग या पॅकिंगच्या बाया तिथं जाऊन आज काय करणार होत्या?"

व्यवस्थापकांनी कंपनीच्या वकिलांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

"या बायांशिवाय नागपूरहून आणखी कोणाची तिथं बदली केली का?"

"नाही."

पुढचा प्रश्न आपण तयार केलेल्या प्रश्नांत नव्हता. तो मला तिथंच, उभ्या उभ्या सुचला. "तुमची स्वतःची कधी बदली झाली?"

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या.

"हो. नाशिकहून इथं."

"हुकूम काढण्याआधी तुम्हाला विचारलं होतं?"

तो माणूस मागच्या बाकावरच्या बायांकडे वळला. "हो," तो म्हणाला, आणि खाली पाहून पुन्हा म्हणाला, "मला विचारलं होतं."

मागून सुनंदाचा आवाज आला, "अन् आमाले?" न्यायाधीशांनी तिला दटावलं, पण फार जोरात नाही.

युक्तिवादापर्यंत गोष्ट गेलीच नाही. पुढच्याच आठवड्यात कंपनीनं बदलीचे सगळे हुकूम मागे घेतल्याचं कोर्टात लिहून दिलं. बाया कामावर रुजू झाल्या. बस आता हिंगण्यात घराच्या गल्लीपर्यंत जाते. मधल्या महिन्यांचा पगार द्यायला कंपनी तयार नाही, त्यासाठी मी लढतेच आहे. कोर्टाबाहेर सुनंदानं मला मिठी मारली तेव्हा मी तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा रडले. भर दुपारी, सगळ्या बारसमोर. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.

आता त्या प्रश्नाचं उत्तर, जे नर्समुळे राहिलं. कोणासाठी थांबून राहिली? माझ्यासाठी, ताई. त्या पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर जो प्रश्न आपोआप सुचतो, त्याच्यासाठी. तुम्हाला वाटत राहिलं की मी तुमच्या मायेपोटी परत आले, आणि तुमची माया माझ्या पायात अडकू नये म्हणून तुम्ही मला दारातून परत धाडलंत. तुम्हाला लागलेला तो 'टिकली नाही' शब्द मला लागू नये, एवढीच तुमची धडपड होती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण शब्द लागला म्हणून माणूस मरत नाही. तुम्हीच चाळीसएक वर्षं तो अंगावर घेऊन नागपूरच्या कोर्टात दणकून बोलत होत्या. मला हे शिकवायला तुम्हाला बोलावं लागलं नाही. मी पाहिलं.

मी परत आले याचा तुम्हाला आनंद झाला होता का? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी समजून चालते की झाला होता, आणि याविरुद्ध तुमचा पुरावा असेल तर तो आता दाखल करण्याची मुदत गेली आहे.

मुंबईच्या फर्मला मी नकार कळवला. पुढं कधी जावंसं वाटलं तर जाईनही. तुमचं धंतोलीचं ऑफिस आता मी चालवते, तिथं तुमचा हार घातलेला फोटो लावावा असं पुष्कळ जण सुचवतात. मी लावलेला नाही. फोटोसमोर मला हात जोडावे लागतील, आणि तुमच्याशी हात जोडून मला कधी बोलता आलेलं नाही. काल एक तरुण वकील मुलगी आली होती, बंगळुरूला जाऊ का विचारायला. तुम्ही असता तर लगेच जाय म्हणाला असता. मी तिला दोन तास बसवून ठेवलं, तिला तिथं कोणतं काम करायचंय ते विचारत राहिले, आणि शेवटी म्हटलं, आठवड्यानं परत ये. तुमची पद्धत घाईची होती, ताई. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, आणि तुम्ही कूलर बंद करून माझ्यावर तुटून पडला असता.

तेच आता होत नाही. मी मुद्दा मांडते आणि पलीकडून काही येत नाही. मी परत आले ते बरोबर होतं, तुम्ही चूक होत्या, आणि हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार आहे. पण समोरची बाजू गैरहजर आहे, म्हणून मिळालेला एकतर्फी निकाल मला नको.